शिमग्याला गाडी जायला हवी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चालूच झाली नाही! चोक ओढला, रवळनाथाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली. स्टार्टर कुरकुरतोय, इंजिन गप्प. नेमका आज. आरे कॉलनीत सगळे जुन्या गाड्यावाले जमणार होते.

बॉनेट उघडलं तर कॉइलची जाड वायर निसटून बाजूला पडलेली. दाबून बसवली. पहिल्याच सेल्फला पद्मिनी बोलायला लागली. नऊ वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे, ही वायर कधी निघाली नाही. काल संध्याकाळी मी स्वतः सगळ्या वायरी पुसून, दाबून बघितल्या होत्या. मग?

आरेला पोचेपर्यंत चहाची पहिली फेरी संपली होती. घाटकोपरचा मुकुल आपल्या काळ्या कॉन्टेसाला टेकून उभा. लगेच टोला — ‘जयवंत, पूजा आटपली का रे तुझ्या गाडीची?’ स्टिअरिंगला कुंकू लावतो मी, त्यावरून. मग त्याने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून दरवाज्याखालचा पत्रा बघितला. विकणार असलास तर पहिला मला सांग, म्हणाला. तो लग्नांना आणि शूटिंगला जुन्या गाड्या भाड्याने देतो. मी म्हटलं, विकायची नाही, शिमग्याला गावी न्यायची आहे. ‘कशेडी घाटात बंद पडली की फोन कर, तिथूनच उचलतो.’ सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं डोक्यात राहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बरोबर महिना आहे. अकरा मार्चला पहाटे नाहूरहून निघायचं. तेराला होळी. मग पालखी घरोघर फिरते, आमच्या अंगणात येते. बाबा पुढच्या सीटवर, वनमाला आणि लेक श्रुतिका मागे.

परतताना गाडीत तिघंच असू. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

इथे लिहून ठेवतो, म्हणजे मलाच स्पष्ट होईल. जानेवारीत बाबांनी दूध तापवायला ठेवलं. ते उतू जाऊन गॅस विझला, आणि हे बाहेर येऊन पेपर वाचत बसले. वनमाला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती म्हणून. जिन्यातच वास आला तिला. आम्ही दोघं ऑफिसात, पोरगी कॉलेजात. दिवसभर घरात एकटा म्हातारा माणूस. गावी शेवंती वहिनी आहे, माझ्या चुलत भावाची बायको. तिच्या घरात कायम माणसं असतात. ती आनंदाने हो म्हणाली. मोकळी हवा, देऊळ हाकेच्या अंतरावर. बाबांनाही गावाची ओढ आहेच. नसेल कशी?

वनमाला म्हणते आधी सांग त्यांना. मी म्हटलं, तिथे गेल्यावर सांगू. पालखी अंगणात आली की देवासमोर सांगेन. देवासमोर बोललेलं ते मोडणार नाहीत.

आणि मग गाडी हवी. एसटीतून, ट्रेनमधून पोचवल्यासारखं नको. आपल्या गाडीतून मानाने न्यायचं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दिवसभर वाकोल्याला, हर्षदच्या गॅरेजात. पद्मिनीचं काम करणारे आता उरलेत किती! सगळ्यांना लॅपटॉप जोडायचा गाड्यांना. हर्षद कान लावतो.

ब्रेकचे लायनर बदलले. कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला, तळाला चहाच्या गाळासारखी घाण. पॉइंट घासून गॅप लावला. पुढच्या चाकांना ग्रीस. मी शेजारी स्टुलावर बसून नट पुसत होतो. अशा वेळी मन फार शांत होतं. जपाला बसल्यावर नेहमीच होतं असं नाही.

त्या वायरीचं विचारलं. म्हणाला, हादऱ्याने निघते कधी कधी. म्हटलं, उभ्या गाडीला कसले हादरे? त्याने बॉनेट लावलं. ‘जयवंतभाऊ, गोव्यापर्यंत जा. काय नाय होत.’

गाडी काय चालली येताना! हँडलचा गिअर लोण्यात फिरवावा तसा. बाबा खिडकीत बसले होते. आवाजावरूनच ओळखलं त्यांनी, मी वर पोचायच्या आत दार उघडून उभे. ‘बरी झाली?’ म्हटलं, एकदम झकास, आता शिमगा पक्का. ‘बरा झाला,’ म्हणाले आणि आत गेले.

रविवार, १६ फेब्रुवारी

बॅटरी ठार. आतला दिवा रात्रभर जळत होता. मी लावला नव्हता!

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऑफिसात लक्ष नाही. एकच विचार. पार्किंगमध्ये माझी गाडी भिंतीकडे, दुचाक्यांच्या मागे, दिसायला आडोसा. पण आतला दिवा लावायला आत शिरायला हवं. बॉनेटचा खटकाही आतच. म्हणजे किल्ली हवी. किल्ल्या तीन. एक माझ्या खिशात. दुसरी घरी दारामागच्या खिळ्याला. तिसरी हर्षदकडे, मी ऑफिसात असलो तर गाडी न्यायला सोपं म्हणून दिलेली.

हर्षद असं का करेल? काम निघावं म्हणून? इतक्या वर्षांत त्याने एक नट जास्तीचा लावला नाही. पण माणसाचं सांगता येत नाही. अलीकडे मुकुलच्या गाड्याही त्याच्याकडेच जातात. परवा गॅरेजात मुकुलची एक पांढरी ॲम्बेसेडर उभी होतीच.

देवाला दिवा लावताना हेच चालू होतं मनात. वाईट वाटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उपास. ऑफिसातून लवकर आलो, वॉचमनला गाठलं. दुपारचा, सकाळचा, दोन्ही पाळ्यांच्या माणसांना विचारलं — कुणी आलं होतं गाडीजवळ? दोघांचं एकच, बाहेरचं कोणी नाही. सकाळचा तर जरा हसलाच. हसण्यासारखं काय होतं?

बाबाही दुपारी खाली ऊन खायला बसतात, त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. ‘माका लांबचा दिसणा नाय रे.’

रविवार, २३ फेब्रुवारी

आरेला गेलो. गाडी एका सेल्फला चालू झाली म्हणून मन हलकं होतं. मुकुलने ते फार काळ टिकू दिलं नाही. बाजूला घेऊन म्हणाला, एका सिरीयलवाल्यांना नेमकी अशीच क्रीम रंगाची पद्मिनी हवी आहे. मार्चचा पूर्ण महिना. ‘शिमगा काय दरवर्षी येतो यार.’

मार्चच का? त्याला कसं कळलं की गाडी सारखी अडून बसते आहे? मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, फक्त हर्षदला.

मी म्हटलं, वडिलांना गावी न्यायचं आहे. तो लगेच मवाळ झाला. ‘अरे मग ने बाबा. म्हातारी माणसं खूश होतात.’ खरंच म्हणाला की वरवर, कळलं नाही. सगळ्यांच्या बोलण्यात मला आता दोन दोन अर्थ दिसतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

सकाळी देवळात जाऊन आलो. बाबांनी घरीच बेल वाहिला. दुपारी गाडी धुवायला म्हणून खाली गेलो तर पुढच्या चाकांमध्ये ओलं. रेडिएटरची खालची तोटी उघडी! थेंबभर पाणी नाही आत. बघितलं नसतं आणि तसाच निघालो असतो तर पनवेलच्या आत इंजिन जाम.

ही तोटी आपोआप सुटत नाही. पिळून उघडावी लागते, ती जागा माहीत असावी लागते. हल्लीच्या माणसाला दाखवली तरी सापडायची नाही. म्हणजे करणारा पद्मिनीचाच माणूस.

असा मी एकच ओळखतो, ज्याच्याकडे किल्ली आहे.

वर येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘देवाच्या मनात नसात तर कित्याक जावचा?’ मी म्हटलं, देवाला रेडिएटरची तोटी कशाला हवी? श्रुतिका हसत सुटली. बाबा नाही हसले.

शनिवार, १ मार्च

वाकोल्याला गेलो. वाटेत ठरवलं होतं, शांतपणे बोलायचं. नाही जमलं.

हर्षद गाडीखाली झोपून काम करत होता. बाहेर आला, हात पुसत. मी तीनही गोष्टी सांगितल्या. तोटीचं ऐकून त्याने भुवया उचलल्या, म्हणाला, हे कुणीतरी करतंय. म्हटलं, तेच म्हणतोय मी. किल्ली कुणाकुणाकडे आहे सांग. त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने आत जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली, माझ्या हातात दिली.

‘तुमच्या घरातलं आधी शोधा भाऊ. नंतर वाकोल्याला या.’

म्हटलं, घरातलं कोण? पोरीला टायर बदलता येत नाही. तो परत गाडीखाली गेला. बाहेर पडताना मीच ‘येतो’ म्हटलं, खालून पान्याचा आवाज येत राहिला.

घरातलं शोधा म्हणे! चोर असेच दुसरीकडे बोट दाखवतात. येताना सायनपर्यंत मी बरोबर होतो. पुढे तितकासा नव्हतो.

रविवार, २ मार्च

आरेला गेलो नाही. तिन्ही किल्ल्या घरात. आता बघू.

बुधवार, ५ मार्च

रोटर गेला!

सकाळी स्टार्टर फिरतो, आग नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीचे दोन्ही क्लिप उघडले तर आत मधोमध नुसता दांडा. वरचा अंगठ्याएवढा तुकडा, जो फिरून चारी प्लगांना करंट वाटतो, तोच नाही. टोपी परत नीट बसवलेली, क्लिप लावलेले. घाईत केलेलं काम नाही हे.

मी तिथेच जमिनीवर बसलो. हर्षदकडे किल्ली नाही. त्याने आणखी एक बनवून ठेवली असली तर? मुकुलला दिली असली तर?

संध्याकाळी वनमालाला विचारलं. खरं सांगायचं तर तिच्यावरही संशय आला होता. तिचंच पहिल्यापासून चालू होतं, आधी सांग त्यांना, आधी सांग. जायचंच नसेल तिला. आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो. ती भाकरी थापत होती, थांबली.

‘हात बघ माझे. पीठ आहे की ग्रीस?’

म्हटलं, तसं नाही गं. ‘तसंच आहे. आता पोरीच्या बोटांचे ठसे घे. मग बाबांचे.’ मग आवाज खाली आला तिचा. ‘ऐक ना. मला गॅसची भीती वाटते, रोज वाटते. पण त्यांना फसवून नेण्याची त्याहून जास्त वाटते.’

म्हटलं, फसवणं कसलं त्यात. गाव त्यांचंच आहे.

बाहेर टीव्ही चालू होता. बाबा लवकर जेवून झोपले आज.

शनिवार, ८ मार्च

रोटर मिळेना. दोन जुने पार्टवाले फिरलो. एकाने तर विचारलं, काका, संग्रहालय काढताय का? शेवटी नाइलाजाने मुकुलला फोन. मनात म्हटलं, याच्याकडेच असेल माझा!

तासाभरात स्वतः आला, घाटकोपरहून, कॉन्टेसा घेऊन. खिशातून रोटर काढला, जुनाच पण वेगळ्या कंपनीचा, तपकिरी. माझा काळा होता. स्वतः बसवला, गाडी चालू करून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, गावाहून फणस आण. मग थोडा वेळ गाडीला टेकून उभा राहिला. ‘माझे वडील गेले तेव्हा माझ्याकडे साधी सायकल पण नव्हती रे. तू नेतोयस, चांगलं करतोयस.’

मला त्याच्याकडे बघवेना. महिनाभर काय काय लिहिलंय मी याच्याबद्दल.

वर चहाला आला. बाबांशी त्याची छान गट्टी जमली. बाबा मिल बंद पडल्यावर टॅक्सी चालवायचे, काळी-पिवळी पद्मिनीच, त्यावर दोघांच्या गप्पा. कुठल्या स्टँडला रांग असायची, पेट्रोल संपलं की कुठवर ढकलायची. बाबा इतके बोललेले मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. मी गावी आईजवळ वाढलो, शाळा तिथलीच. त्यांचे ते दिवस मला कुठे माहीत आहेत?

मग मुकुल नाही. मग कोण?

रविवार, ९ मार्च

परवा निघायचं. आज एक गोष्ट केली, बरोबर की चूक कळत नाही.

गावच्या देवीच्या देवळातला अंगारा शेवंती वहिनीने पोस्टाने पाठवला होता, प्रवासासाठी. करवंटी आणि धूप जाळलेला, काळसर. डबी माझ्या ऑफिसच्या बॅगेतच होती, घरात अजून कुणाला दिली नव्हती. संध्याकाळी खाली गेलो. गाडीला अंगारा लावायचाच होता. चिमूट घेतली आणि बॉनेटच्या फटीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक रेघ ओढली. कुणी बॉनेट उचललं तर मोडेल.

देवाचा अंगारा पहाऱ्याला बसवला मी! हात जोडले, म्हटलं, राग धरू नका. एवढं कोण ते कळू द्या.

सोमवार, १० मार्च

सकाळी पूजा करून उठलो. वनमालाने चहा टाकला होता. बाबा पाय मोकळे करायला खाली गेले होते, ते आले आणि खुर्चीत बसले. कप हातात घेतला.

कपाळावर अंगारा.

काळसर. बोटाने ओढलेला, उजवीकडे जरा पसरलेला. बाबांनी अजून अंघोळ केली नव्हती. अंघोळीनंतर ते लावतात ते अष्टगंध, केशरी. घरातल्या उदबत्तीची राख पांढरी. असा काळा अंगारा या घरात एकाच डबीत आहे, आणि ती डबी माझ्या बॅगेत.

खाली जाऊन बॉनेट बघायची गरजच नव्हती. तरी गेलो. रेघ मधोमध फिसकटलेली. टोपी उघडली. तपकिरी रोटर नाही.

बॉनेट उचलताना त्यांच्या बोटांना लागला असणार. बोटाला लागलेला अंगारा कपड्याला पुसायचा नसतो, कपाळाला लावायचा. शिमग्याला गावी आले होते, तेव्हा मला त्यांनीच शिकवलं. मी चड्डीला पुसला होता म्हणून थोबाडीत दिली होती. तो माणूस पुसेल कसा?

टॅक्सी स्टँडवर लावून चहाला जाताना ही माणसं रोटर काढून खिशात टाकायची, चोरी होऊ नये म्हणून. परवा मुकुलला सांगताना हसत होते ते, मी समोर बसलो होतो. वायर. दिवा. तोटी. रोटर. ज्यांना गॅसचं बटण आठवत नाही म्हणून आम्ही सगळं ठरवलं, त्यांना हे सगळं जागच्या जागी आठवत होतं. बाहेरचं कोणी नाही, वॉचमन खरंच बोलत होता.

हर्षदकडे जायला हवं. काय तोंडाने जाऊ?

वर आलो. बाबांनी विचारलं, ‘गाडी बरी आसा मा?’ म्हटलं, हो, आहे बरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताने कपाळ चाचपलं. बोटांकडे बघत राहिले. चहा गार झाला.

दिवसभर ऑफिसात राग येत होता. त्यांचा की कुणाचा, ते ठरत नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

पहाटे बाबा कपडे करून, टोपी घालून खुर्चीत बसलेले. पायाशी पिशवी. दोन्ही रोटर त्यांनी माझ्या हातात ठेवले.

‘माका ऐकाक येता रे. गेले दोन म्हयने सैपाकघरात बोलतास ता सगळा ऐकलंय. गॅस इसारलंय, खरा. एकदाच. आता नेतस तर चल.’

मी म्हटलं, बाबा, गाव तुमचंच आहे ना.

‘गाव तुझो. तू थय वाढलस. मी थय पावणो म्हणानच जाय होतंय. माझा घर ह्या.’

शेवंती वहिनीला फोन केला. सांगितलं, परततानाही आम्ही चौघं असू, बाबांची खाट घालू नका.